दादाचं दुकान अजून उघडतं

दादा जाऊन सोळा दिवस झाले होते. सकाळी दहाच्या सुमारास दिल्लीत, द्वारकेच्या घरी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात फोन टिंग वाजला. ‘तुमच्या आवडत्या विक्रेत्याने नवी वस्तू विक्रीला ठेवली आहे.’ हा विक्रेता म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, मधू. फरीदाबादच्या स्मशानात त्याला निरोप देऊन आलेली मी, आणि फोटोत त्याचा अंगठा! एक जुनी कॅसेट धरलेला, तोच चपटा, मशीनखाली सापडून काळा पडलेल्या नखाचा. खाली त्याच्याच भाषेत वर्णन : ‘आवाज स्वच्छ. शेवटी कोणीतरी दार वाजवतं. ते मूळ ध्वनिमुद्रणातच आहे, घाबरू नये.’ मी चांगलीच घाबरले. मेथी तशीच टाकून नलूवहिनीला फोन लावला.

“अगं, ते ह्यांनी आधीच तारखा घालून ठेवलंय,” वहिनी शांतपणे म्हणाली. “महिन्याला काही वस्तूच फुकट टाकता येतात ना, म्हणून पुढच्या महिन्यांच्या आत्ताच लिहून ठेवायचे. ऑर्डर आली की ह्यांच्या फोनवर दिसते. पार्सलं बांधून कपाटात ठेवलेलीच आहेत, नंबर बघायचा आणि कुरियरवाल्याला द्यायचं.” मी म्हटलं, वहिनी, बंद करा हे, मला कसंतरी होतंय. तर म्हणते, “पासवर्ड कुणाला माहितीये? आणि माहीत असता तरी केलं नसतं. चालू दे यार ह्यांचं दुकान.”

कारखान्यातून रिटायर झाल्यावर दादाने हे जुन्या कॅसेटी आणि रेकॉर्डी ऑनलाइन विकायचं काढलं, आणि त्यातल्या गाण्यांपेक्षा साइटचं कमिशन वाचवण्यातच तो जास्त रमला. कमिशन टपालखर्चावरही लागतं हे कळल्यावर तो आधी पार्सल बांधून वहिनीच्या स्वयंपाकाच्या काट्यावर ग्रॅमपर्यंत तोलायचा आणि तेवढाच खर्च लावायचा. प्रत्येक ऑर्डरमागे काही ठरलेली रक्कम जातेच, म्हणून स्वस्तातल्या कॅसेटी दहा-दहाच्या गठ्ठ्यात. माल परत आला तरी कापलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून प्रत्येक कॅसेट अथपासून इतिपर्यंत ऐकून तिचा खोकलासुद्धा वर्णनात लिहायचा. “साइट काय माझा जावई आहे, तिचे लाड पुरवायला?” असं म्हणायचा. मला त्याने जबरदस्तीने आपल्या दुकानाची पहिली ‘फॉलोअर’ केलं होतं. मी त्याला कंजूष म्हणायचे, तो हसायचा… खरं तर पैशांसाठी नव्हतंच ते. आयुष्यभर दुसऱ्याच्या मशीनवर राबलेल्या माणसाला स्वतःचं काहीतरी चोख चालवायचं होतं.

आणि याच चोख माणसाशी मी सहा महिने बोलले नाही.

आमचे बाबा फौजेत, आम्ही दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये वाढलो. बाबा सीमेवर असताना आईला पत्र लिहिणं जमायचं नाही. साताऱ्याकडची, जेमतेम शिकलेली. मग दादाने कुणाचातरी टेपरेकॉर्डर मागून आणला आणि आईचा आवाज कॅसेटवर भरून बाबांना पाठवला. कोरी कॅसेट कुठली मिळायला! भजनांच्या कॅसेटवरच भरला. बाबा परतले तेव्हा ती कॅसेटही परत आली. आईचा आवाज म्हणून जगात एवढंच शिल्लक, आणि वर लेबल भजनांचं. होळीनंतर मी घर आवरताना जुन्या कॅसेटींची पिशवी दादाला दिली. आईची कॅसेट त्यातच होती हे आठवलं तेव्हा उशीर झाला होता. भजनांचा एक गठ्ठा गेलेला होता. मी कडाडले, “आईला विकलंस तू!” तो उलट ओरडला, “मी ऐकल्याशिवाय काही विकत नाही, बिल्कुल नाही! तूच ती कुठेतरी हरवली असशील.” मी फोन आपटला. त्यानंतर त्याचे फोन आले, मी घेतले नाहीत. एवढी कसली अकड होती माझी, देव जाणे. सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी वहिनीचा फोन आला, तो मात्र घेतला. दादा खुर्चीतच गेला होता, कानाला हेडफोन तसेच.

आता दर दोन-चार दिवसांनी सकाळी दहाला दादा काहीतरी विकायला काढी. पावणेदहापासूनच मी फोन समोर ठेवून बसे. कधी गझला, कधी नाट्यगीतं, प्रत्येक फोटोत तो अंगठा. वर्णनं तर अशी, की समोर बसून बोलतोय. ‘पंख्याचा आवाज येतो, तेव्हा उन्हाळा असावा.’ वहिनीच्या कपाटातली पार्सलं फोडून आईची कॅसेट त्यात आहे का बघावं, असं शंभरदा वाटलं. पण ज्या बाईने ती देवासारखी जपली होती, तिला कुठल्या तोंडाने सांगू, की तुमचा नवरा खोटं बोलला का ते मला तपासायचंय?

दिवाळी आली. यंदा आम्हाला सण नव्हता. भाऊबिजेच्या सकाळी दिवाही न लावता बसले होते. दहा वाजले, फोन वाजला.

अंगठा. भजनांची कॅसेट. किंमत एक रुपया. तेवढ्यावर साइट त्याच्याकडूनच वर पैसे घेणार होती! ‘घरगुती ध्वनिमुद्रण. पाठवण्याचं ठिकाण : फक्त द्वारका. ही चुकून एकदा विकली गेली होती. भजनं कोण परत करतंय, म्हणून विक्रेत्याने तो एकच गठ्ठा न ऐकता पाठवला. करोल बागेतल्या गिऱ्हाइकाकडे तीन चकरा मारून परत आणली. कॅसेट उत्तम. दोष विक्रेत्याचा.’

मी हमसून हमसून रडले. माझ्याशी बोलायला त्याच्याकडे तेवढीच एक जागा उरली होती, आणि तीही मीच ठेवली होती, त्याची फॉलोअर राहून. ‘विकत घ्या’चं बटण दाबलं. मिनिटाभरात वहिनीचा फोन. “सुमन, ऑर्डर आलीय. गणपतीनंतर बांधलं होतं हे पार्सल. ह्याच्यावर… ह्याच्यावर तुझा पत्ता आहे गं.”

कुरियरची वाट कोण बघतंय! भर दुपारी मी फरीदाबादला पोचले. दादाच्या खोलीत, त्याच्याच टेपवर, आम्ही दोघींनी कॅसेट लावली. आधी खरखर. मग आई. माझ्या परीक्षेचं सांगत होती, रेशनच्या साखरेचं, दादाला नोकरी लागेल का त्याचं. चाळीस वर्षांनी आई माझ्यापेक्षा तरुण वाटत होती. वहिनी पदर तोंडाला लावून बसली होती. बोलता बोलता आई थांबली. तिला वाटलं असावं, मशीन बंद पडलं.

“मधू… ए मधू, आहेस ना रे?”

आणि अगदी जवळून, माइकला तोंड लावल्यासारखा, दादा म्हणाला, “आहे गं. इथंच आहे. तू बोल.”

वहिनीने झटकन मागे वळून दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं.