करीमभाईंचा सा

ही गोष्ट मी घरातही कधी काढली नाही. करीमभाई गेल्याचा फोन त्यांच्या गावाहून, झरीहून आला, तेव्हाही "फार सज्जन माणूस" एवढंच बोललो. त्याला महिना झाला. आता लिहितो.

लग्नाच्या बँडमध्ये मी ट्रम्पेटवर मुख्य चाल वाजवायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. करीमभाईंकडे अंगाभोवती अजगरासारखा वेढा घेणारा पितळी बेस. त्यांचे वडील निजामाच्या फौजेच्या बँडात तो वाजवत. संस्थान गेलं, फौज मोडली आणि कवायतीचं हे वाद्य वरातीत आलं. लोकांना त्यातून नुसतं भों-भों ऐकू यायचं. "चाल तुमची मास्तर, जमीन आमची," करीमभाई हसायचे. वरात निघण्याआधी ते एक लांब सा धरत आणि आम्ही सगळे त्याला वाद्यं जुळवून घेत. हा रिवाज त्यांच्या वडिलांपासूनचा. दम पोटातून कसा घ्यायचा, हेही मला त्यांनीच शिकवलं. त्या दमावर माझं घर चाललं.

सोनपेठच्या एका वरातीला एसटी चुकल्याने मी उशिरा पोचलो. नवरा घोड्यावर, वऱ्हाडी तापलेले. करीमभाई म्हणाले, "सा लावून घ्या मास्तर. तुमचं पितळ थंड हाय, सूर उतरंल."

"राहू द्या भाई, इथं कोण ऐकायलंय!" म्हणत मी सुरुवात केली आणि चाल फाटली.

"बँड हाय का म्हशी हंबरायल्यात?" कुणीतरी ओरडलं. वरात खो-खो हसली. कोण चुकलं, बँडच्या मालकांनी विचारलं. मी बेसकडे बोट केलं... एवढं मोठं वाद्य, कुणालाही पटलं असतं. करीमभाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "जी, माझाच बेस थंड होता," ते मालकांना म्हणाले.

तेव्हापासून बँडवाल्यांत ते 'बेसूर करीम' झाले. मालकांनी त्यांना पार मागे, जनरेटरच्या गाडीजवळ उभं केलं. पुढच्या वरातीला त्या धडधडाटातूनही त्यांनी माझ्यासाठी सा धरला आणि मी मुकाट्याने तो घेतला. त्यानंतर प्रत्येक वरातीत घेत राहिलो. म्हणून स्पष्ट लिहितो : करीमभाई कधीच बेसूर नव्हते. चुकलो मी.

शेवटच्या भेटीत ते खाटेवर होते. सदऱ्याच्या खिशात बेसचं माउथपीस, जन्मभराच्या सवयीने ऊब देत ठेवलेलं. "आता दम न्हाई मास्तर. सा तुमीच धरा."

"भाई, त्या सोनपेठला..." मी म्हणालो. तेवढ्यात सून चहा घेऊन आली आणि मी कप उचलला.

परवा झरीला गेलो. त्यांच्या मुलाने ते माउथपीस माझ्या हातावर ठेवलं. गार होतं. कोमट होईपर्यंत मुठीत धरून बसलो... भाई, ते बोट मी माझ्याकडे करायला हवं होतं. मला माफ करा.