शबानाभाभींच्या गळ्यातला टेप

मंडळी, चहा गार झाला तर होऊ द्या, आधी हे लिहिते!

परंड्यात दुपारी मी बायकांना इंग्रजी शिकवते. आज फळ्यावर ‘टेक’ लिहिलं. गोळी घ्यायची तरी टेक, फोटो काढायचा तरी टेक, बसनं जायचं तरी टेक. सगळ्या मुकाट उतरवून घेत होत्या.

तेवढ्यात शबानाभाभी उठल्या. त्या ब्लाऊज शिवतात, वर्गातही गळ्यात टेप असतो. दोन महिने वर्गात एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“मॅडम, जरा सरळ उभ्या राहा,” म्हणाल्या आणि माझ्या खांद्याला टेप लावून खणखणीत बोलल्या, “आय टेक मेजरमेंट!”

अहो, वर्गात टाळ्याच टाळ्या! मग प्रत्येकीला आपलं वाक्य सांगायचं होतं. “आय टेक बस टू कुर्डुवाडी” तर तिघींनी सांगितलं.

वर्ग सुटल्यावर भाभी मागं थांबल्या. पिशवीतून घड्या घातलेला, पिवळा पडलेला कागद काढला. सातवीत शाळा सोडल्याचा दाखला!

“लई वर्षं जपून ठेवलाय. दहावीला बाहेरून बसायला चालंल का?”

मी व्हय म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, “आय टेक एक्झाम.”

तुमच्या घरात कुणी असा दाखला जपून ठेवलाय का? आजच विचारा.