दीदींचे मिटलेले डोळे

शंकर नगरच्या आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ख्रिस्ती बाईंना सगळे दीदी म्हणतात. जेवायच्या सुट्टीत डबा उघडला की त्या क्षणभर डोळे मिटतात. त्या दिवशी मात्र माझ्या दोन पोळ्या संपल्या, तरी त्यांचे डोळे मिटलेलेच. मी मुळातच भोचक, राहवलं नाही.

"दीदी, आज काहून इतका वेळ?"

"ज्याचा राग आला असेल, त्याच्यासाठी पहिले प्रार्थना करते. राग जाईस्तोवर घास उतरत नाही."

"आज कोणाचा आला?"

त्या हसल्या आणि त्यांनी वांग्याची भाजी माझ्या डब्यात वाढली.

सकाळी एका फायलीवरून सगळ्यांसमोर मीच त्यांच्यावर ओरडलो होतो.

आता त्यांनी डोळे मिटले की मी आधी घड्याळ बघतो, मग माझी सकाळ आठवून बघतो.