फायटर मासा आणि कूलरचा पंप

झाशीत माणसाची लायकी उन्हाळ्यात कळते, आणि ती कूलरवरून कळते. कुणाच्या कूलरची हवा समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर फडफडवते आणि कुणाची पलंगापर्यंतसुद्धा पोचत नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं. मी तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली. तिथे माझं मत कुणी कधी विचारलं नाही. कूलरच्या बाबतीत मात्र लोक दतिया गेटवरून मला बोलवायला येतात. गवत कधी बदलायचं, पंप कुठला घ्यायचा, पंखा केवढा हवा. माझं उत्तर नेहमी एकच असतं. मोठा घ्या, जोर असला पाहिजे. हे उत्तर कधी चुकलं नव्हतं, कारण तोवर मला माशाबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या वरच्या मजल्यावर साताऱ्याकडचं एक फौजी कुटुंब भाड्याने राहायचं. नवरा सुभेदार, त्याची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. छावणीत क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून आले आणि क्वार्टर मिळायच्या आत बदली आली, जम्मूकडे. बदली आली की फौजी घरातलं सामान कसं पांगतं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. तुळशीची कुंडी एकाकडे, सायकल दुसऱ्याकडे, गॅसची जुनी शेगडी तिसऱ्याकडे. आमच्या वाट्याला मासा आला.

फायटर जातीचा, गडद निळा, अंगठ्याएवढा. अंगापेक्षा शेपटी मोठी, आणि ती अशी पसरलेली की जणू नवरीने शालू सावरायचा सोडून दिलाय. एका बादलीचं पाणी मावेल एवढ्या काचेच्या टाकीत तो एकटाच राहायचा. जूनच्या उन्हात रेल्वेच्या डब्यातून त्याला नेलं असतं तर वाटेतच उकडला असता. म्हणून मुलीने स्वतःच ठरवलं की त्याला काका-काकूंकडे ठेवायचं.

टाकी खाली आणली तिच्या बापाने, पण ती कुठे ठेवायची ते तिने सांगितलं. मग मला समोर बसवून सूचना दिल्या. "काका, सकाळी चार दाणे. रविवारी थोडं पाणी काढायचं आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी घालायचं. दिवाळीत आम्ही गावाला जाऊ ना, तिकडून परत जाताना गाडी झाशीला थांबेल. तेव्हा मी त्याला घेऊन जाईन. सांभाळाल ना?"

"अगदी निश्चिंत राहा," मी म्हटलं. हे वाक्य मी कूलर दुरुस्त करायला घेतानाही म्हणतो.

दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. आमच्याशी दोन शब्द, मग माशाशी पाच मिनिटं. पहिला महिना बरा गेला. पण चार दाणे मला फार कंजूषपणाचे वाटायचे. बायको म्हणायची, "अहो, चार म्हणजे चार."

"पाहुण्याला कुणी मोजून वाढतं का?" मी म्हणायचो आणि आणखी चिमूटभर टाकायचो. मासा एवढा भिडस्त नव्हता. नको ते तो तसंच सोडून द्यायचा. जुलै उजाडेपर्यंत पाणी ताकासारखं झालं आणि बैठकीत वास यायला लागला. बायको म्हणाली, दाणे कमी करा. मी म्हटलं, फिल्टर लावू.

आता एखादा शहाणा माणूस माशांच्या दुकानात गेला असता. मी सीपरी बाजारात माझ्या नेहमीच्या कूलरवाल्याकडे गेलो. वीस वर्षांची ओळख. त्याला म्हटलं, मासे ठेवलेल्या टाकीत पाणी फिरवायचंय. तो पान चघळत म्हणाला, "भाईसाहब, पंप तो पंप होता है. उसको क्या पता ऊपर घास है कि नीचे मछली." मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. त्याच्याकडचा सगळ्यात लहान पंप घेतला, घरी येऊन एका प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाडली, आत जुन्या गादीचा फोम भरला, मध्ये पंप बसवला आणि ते सगळं टाकीत सोडलं. बायकोला हाक मारली नाही. आधी यश मिळवावं, मग हाक मारावी, असा विचार केला.

बटण दाबलं. टाकीतलं पाणी एका दमात गोल फिरायला लागलं आणि पाण्याबरोबर मासाही. एक फेरी, दोन फेऱ्या, शालू अंगाभोवती गुंडाळलेला. पाणी वर चढून टेबलावर सांडायला लागलं. माझं लक्ष मात्र फोममधून किती घाण ओढली जातेय यावर होतं, कारण ओढ खरोखर उत्तम होती. बायको स्वयंपाकघरातून आली, तिने प्लग उपटला आणि मग विचारलं, "तुम्ही त्याला धुताय का?"

पंप परत केला. कूलरवाल्याने तो हसत परत घेतला आणि पुढे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगितली. त्याच्या सांगण्यात फेऱ्या वाढत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात रंगीत माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार वयस्कर, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने विचारलं, "टंकी कितनी बड़ी है?" आता खरं सांगायचं तर एक बादली. पण भरल्या दुकानात 'एक बादली' म्हणायला जीभ वळेना. कूलर घेताना माणूस खोली जरा मोठी करून सांगतो, तसं मी म्हटलं, "ठीकठाक बड़ी है." त्याने दोन फिल्टर काढले, दोन्ही पाण्यात बुडवून काचेला चिकटवायचे. मी विचारलं, "ज़ोर किसमें ज़्यादा है?" त्याने मोठ्याकडे बोट दाखवलं. मी मोठा घेतला.

या फिल्टरने मासा फिरला नाही, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. दोन दिवसांत पाणी असं नितळ झालं की टाकीच्या मागे ठेवलेल्या वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचता यायला लागली. मी ती आल्या-गेल्याला वाचायला लावायचो. मासा दिवसभर फिल्टरच्या मागच्या कोपऱ्यात चिकटून असायचा. मधूनच वर यायचा, की धार त्याला पलीकडच्या काचेपर्यंत ढकलत न्यायची, की तो पुन्हा धडपडत कोपऱ्यात. मी बायकोला म्हटलं, "बघ, व्यायाम होतोय." ती बघत राहिली, बोलली नाही. लग्नाला बत्तीस वर्षं झाली की हे न बोलणं ऐकू येतं. मी ऐकलं नाही.

रविवारी कॉलच्या वेळी मी फिल्टर बंद करायचो, कारण त्याची घरघर फोनमध्ये यायची. सुरुवातीला खरंच एवढंच कारण होतं. मग ऑगस्टमध्ये एका सकाळी बायकोने टाकीशी वाकून पाहिलं. "याची शेपटी फाटली आहे," ती म्हणाली.

मी चष्मा लावून पाहिलं. शालूच्या जागी झिरमिळ्या होत्या. कडा कुणी कात्रीने कातराव्यात तशा कातरलेल्या. तो तळाशी निजल्यासारखा पडला होता आणि दाणे त्याच्या समोरून खाली जात होते. तोंड उघडत नव्हता.

त्या रविवारी मी फोन असा धरला की मुलीला फक्त माशाचं तोंड दिसावं. "काका, जरा मागे घ्या ना," ती म्हणाली. मी म्हटलं, "नेट नीट नाही इथे, फोन हलवला की कॉल जातो." साठी ओलांडलेल्या माणसाने नऊ वर्षांच्या मुलीला थाप मारली आणि ती तिने मुकाट्याने घेतली. फोन ठेवल्यावर मी बायकोकडे पाहिलं नाही. थेट चपला घातल्या.

माशांच्या दुकानदाराला मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने विचारलं, "टंकी कितने लीटर की है?"

"पंद्रह," मी म्हटलं. यावेळी खरं.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "भाईसाहब, ये नदी की मछली नहीं है. धान के खेत में रहती है, ठहरे पानी में. साँस लेने ऊपर आती है. आपने इसको महीना भर आँधी में खड़ा रखा." तो चिडला असता तर मी भांडलो असतो. तो चिडला नाही.

मग त्याने खालच्या खणातून एक वस्तू काढली. काळ्या स्पंजचा एक गोळा, त्यातून वर आलेली एक नळी. सोबत साबणाच्या डबीएवढा हवेचा पंप, तो टाकीबाहेर ठेवायचा. पंप नळीतून हवा सोडणार, बुडबुडे वर जाणार, त्यांच्या मागोमाग पाणी स्पंजातून हळूहळू ओढलं जाणार आणि घाण स्पंजात अडकणार. एवढंच. मला ते भांडी घासायच्या घासणीसारखं दिसलं. मी विचारलं, "ये काम करेगा?"

"करेगा. दिखाई नहीं देगा, बस."

त्याने आणखी दोन गोष्टी बजावल्या. हवेचा पंप टाकीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर लाइट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येईल. आणि आपल्याकडे लाइट जाणार नाही असं कोण म्हणेल. स्पंज नळाखाली धुवू नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. मी मान डोलावत होतो. नळीवर बसवायचं एक इवलंसं बटणही दिलं, हवा कमी-जास्त करायला.

घरी येऊन मोठा फिल्टर काढला, हवेचा पंप भिंतीतल्या फळीवर ठेवला, स्पंज टाकीच्या कोपऱ्यात बसवला आणि ते बटण पूर्ण उघडलं. सवय. बुडबुड्यांचा फेस उठला. बायकोने माझा हात बाजूला केला. देवाच्या ताटलीतली फुलाची एक पाकळी आणून तिने पाण्यावर सोडली. पाकळी भेलकांडत पळाली. तिने बटण थोडं फिरवलं, पाकळी सावकाश झाली. आणखी फिरवलं. बुडबुडे एकामागून एक, मोजता येतील असे यायला लागले आणि पाकळी इतक्या हळू सरकत गेली की सरकतेय हे कळायला थांबावं लागायचं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो. बऱ्याच वेळाने मासा तळातून उठला. वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतली आणि तिथेच थांबला. कुणी ढकललं नाही. पुढच्या आठवड्यात त्याने एक दाणा खाल्ला, मग दोन.

शेपटी यायला लागली, पण फार सावकाश. नवा भाग काचेसारखा पारदर्शक यायचा, मग हळूहळू निळा व्हायचा. मी पट्टी घेऊन टाकीला लावून मोजायचो. दर रविवारी फोनवर पुन्हा तोंडच दाखवायचो.

"सांगून टाका तिला," बायको म्हणायची.

"दिवाळीपर्यंत येईल पूर्ण."

"आणि नाही आली तर?"

"तर बघू."

दिवाळी झाली. शेपटी निम्मी आली होती. त्यांची गाडी यायच्या दिवशी दुपारी आम्ही रुंद तोंडाची एक बरणी घेतली, टाकीतलंच पाणी भरलं, मासा त्यात सोडला आणि स्टेशन गाठलं. वाटेत मी एक छोटंसं भाषण जुळवत होतो. त्यात माशाचं वय, झाशीचं पाणी आणि हवामान यांना बराच दोष दिलेला होता.

गाडी आली. दारात सुभेदार, त्याच्या हाताखालून मुलगी उतरली. बायकोने बरणी पुढे केली. मुलीने ती दोन्ही हातांनी धरली, डोळ्यांसमोर नेली आणि सावकाश पूर्ण गोल फिरवली. तिच्याएवढं निरखून मी कधी फाइलसुद्धा पाहिली नाही.

"काका, याची शेपटी कुणी खाल्ली?"

भाषण तयार होतं. पण तिने बरणी खाली केली नव्हती. बरणीच्या वरून ती माझ्याकडे बघत होती. "कुणी नाही," मी म्हटलं. "मी मोठा फिल्टर आणला. त्याची धार त्याला सोसली नाही. महिनाभर मला कळलंच नाही. कळल्यावर तुला दिसू नये म्हणून फोन जवळ धरायचो. कूलरचा पंपही लावून पाहिला होता त्याआधी."

"कूलरचा?" सुभेदार दारातून म्हणाला.

"हो."

मुलीने बरणी खाली केली. "म्हणून तुम्ही नुसतं तोंड दाखवायचात," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला फोन धरता येत नाही. मी आईला म्हटलंसुद्धा, काकांना शिकवायला पाहिजे."

तिची आई खिडकीतून हसली. मी हसलो नाही. मुलगी माझ्या बायकोकडे वळली. "काकू, आता कसला लावलाय?"

"स्पंजचा. अगदी हळू चालतो. पाकळीसुद्धा पळत नाही."

"कमी-जास्त कोण करतं?"

"मी."

गाडीने शिटी दिली. सुभेदार म्हणाला, "चल बेटा, आटप. घे ती बरणी आणि वर चढ." ती चढली नाही. तिने आणखी एकदा माशाकडे पाहिलं, मग बरणी माझ्या बायकोच्या हातात परत दिली.

"काकू, अजून याला इथेच राहू दे. आमच्याकडे आता थंडी पडेल आणि हा अर्धाच बरा झालाय. पूर्ण झाला की नेईन." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही बघत बसा फक्त."

"बरं," मी म्हटलं.

"आणि फोन लांब धरा."

"बरं."

बापाने तिला दंडाला धरून वर घेतलं. गाडी हलली. तिने हात हलवला, पण मला की माशाला, ते सांगता येणार नाही.

परतताना बायको स्कूटरवर मागे बसली, बरणी मांडीत, झाकण बाजूला, तळवा बरणीच्या तोंडावर धरलेला. मी इतकी हळू चालवत होतो की सायकली पुढे जात होत्या. स्टेशनच्या वळणावर एक ऑटोवाला हॉर्न वाजवत बाजूला आला, मान बाहेर काढून म्हणाला, "चाचाजी, चला रहे हो कि धक्का दे रहे हो?"

मागून बायको म्हणाली, "अजून हळू."