वेसमायची ताकद

मोतीलालला मी आयुष्यात एकदाच शिव्या घातल्या, आणि नेमक्या त्याची बायको अंथरुणाला खिळलेली असताना. मग काय करू? माणूस डोळ्यांदेखत वेडा होत चालला होता.

मोतीलाल धुळ्याला पाटबंधारे कचेरीत ट्रेसर. साहेबांनी आखलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचे, हे त्याचं काम. मी रुपचंद, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. तिथल्याच देवपुरात आमच्या घरांची भिंत एकच. एक्याण्णव साली त्याच्या पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं एक जुनं इंग्रजी पुस्तक आणि वीस तोंडांचा फासा आणून दिला. खेळ असा की एकानं गोष्ट सांगायची, गावं, डोंगर, राक्षस उभे करायचे. बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं, कोणी योद्धा, कोणी पुजारी, आणि डाव जमला का फसला ते फाशानं ठरायचं. रविवारी दुपारी आम्ही चौघं बसायचो. मोतीलाल गोष्ट सांगणारा. त्याची बायको यशोदावहिनी, बालवाडीच्या कुंदाबाई आणि मी खेळणारे. गल्लीत बोभाटा झाला की जुगार चाललाय. म्हटलं, असू दे जुगार!

पण ते पुस्तक वाचून मोतीलालचं डोकं फिरलं. त्यात कुठल्याही देवाचा पुजारी घ्या, विद्या सगळ्यांना सारखीच. जखम भर, उजेड पाड, भूत पळव.

"असं कुठं असतं का?" तो कुंदाबाईंवरच डाफरला. "आपल्याकडं मरीआईचं काम निराळं, सटवाईचं निराळं, म्हसोबाचं निराळं. सगळ्यांना सगळंच येत असेल तर इतके देव पाहिजेत कशाला?"

मग त्यानं स्वतःच देव रचले. नियम एकच: देवाचं जे काम, तीच त्याच्या पुजाऱ्याची ताकद, त्यापलीकडे कवडी नाही. नवी ताकद द्यायची तर चौघांचा होकार पाहिजे. कुंदाबाईंनी कालव्याची पाटमाय घेतली आणि जखमा भरायची विद्या मागितली. "पाण्यानं जखम धुता येते, भरता येत नाही," म्हणून त्यानं साफ नाकारली. बाई आठवडाभर बोलल्या नाहीत. मी म्हणालो, मी बुद्धाचा माणूस, मला देवबिव नको. त्यावर तो उलट खूश झाला. "मग तुझा भिक्खू स्वतःच्या कमाईवर जगेल. मनावर ताबा, भीती नाही. पण अडल्यावर कोणाला हाक मारायची नाही, बरं का!" मला हे मनापासून पटलं. वहिनींनी घेतली वेसमाय, गावाच्या वेशीवर उभी असणारी. येणारा चांगला का वाईट ते तिच्या पुजारणीला कळायचं, आणि तिनं बंद केलेलं दार कोणाला उघडायचं नाही.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात वहिनींच्या पोटात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, तसंच शिवलं आणि घरी न्या म्हणाले.

तिथून मोतीलाल सुटला. एकवीरेला नवस बोलून चपला सोडल्या, मनुदेवीला मीठ सोडलं, आणखी कोणाला भात, कोणाला चहा. घरातले देव पाण्यात घालून ठेवले. मे महिन्यातलं आमच्या धुळ्याचं डांबर, आणि हा त्यावर अनवाणी! तळपायांना फोड, गालफडं बसलेली. हे सगळं एकवेळ चालून गेलं असतं. पण तो घरात टिकेचना. आज ह्या गावचा देव, उद्या त्या गावचा. मी डोकावलो की वहिनी छताकडं बघत पडलेल्या असायच्या.

"रुपचंदभाऊ, ते कोठे गयात?" असं विचारायच्या. मी गावाचं नाव सांगायचो. त्या तोंड भिंतीकडं वळवायच्या.

एका दुपारी मी गेलो तर हा महाशय जमिनीवर खेळाचा नकाशा पसरून बसलेला. नकाशातल्या वेशीवर हळदकुंकू, पुढं नारळ. वेसमायला नवस बोलला होता! स्वतः रचलेल्या, शाईनं काढलेल्या बाईला! माझा तोलच गेला. च्यायला मोत्या, तिला तूच जन्माला घातलीस, ती काय डोंबल देणार आहे तुला? आणखीही बरंच बोललो, ते इथं सांगण्यासारखं नाही.

तो ओरडला नाही. "बाकीचे सगळे झाले रे," म्हणाला. "आता उरलंय कोण, सांग ना!" आणि माझे पायच धरायला वाकला. "उद्या पहाटे पुन्हा एरंडोलला पद्मालयाच्या गणपतीला निघतोय. त्याआधी आजच वेसमायला रोग बरा करायची ताकद देऊ. तुम्ही फक्त हो म्हणा."

कुंदाबाईंना बोलावलं. वहिनींच्या खाटेभोवती बसलो. कुंदाबाई जुनं भांडण विसरून लगेच हो म्हणाल्या. आणि मी? माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक नदीत सोडले होते. पण मोतीलालचं ते तोंड बघून मीही हो म्हणालो.

"नही," वहिनी म्हणाल्या.

मोतीलालला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं.

"वेसमाय दार सांभाळस. रोग बरा करनं तिनं काम नही शे. नियम तुम्हनाच शे." त्यांना धाप लागली. कुंदाबाईंनी पाणी पाजलं. मग वहिनी म्हणाल्या, वेसमाय वेशीवर उभी आहे तर जाणाऱ्याला पोहोचवणं हे तिचं काम. पाहुणा निघाला की आपण वेशीपर्यंत जातोच ना? तिनं ज्याला पोहोचवलं त्याला पुढं भीती वाटू नये, एवढी ताकद द्या. पण अट अशी की घरचं माणूस वेशीवर हजर पाहिजे, हातात हात धरून. ते नसेल तर ताकद फुकट.

मोतीलालनं दोन्ही हात जोडले. "हे नको मागू, यशोदा. दुसरं काहीही माग."

"माले एकलीले भ्याव वाटस," त्या म्हणाल्या. "सगळा देव झायात ना? आते बसा."

कुंदाबाई पदरात तोंड घालून हो म्हणाल्या. मी हो म्हणालो. शेवटी मोतीलालनंही होकाराची मान हलवली.

पहाटेच्या एरंडोलच्या गाडीला मी स्टँडवर मुद्दाम नजर ठेवली. आला नाही. पुढं कोणी जळगावचा वैद्य सांगायचं, कोणी दोंडाईच्याचा भगत, की हा ताडकन उठायचा, दारापर्यंत जायचा, चौकट धरून उभा राहायचा आणि हुंदके देत परत खाटेशी येऊन बसायचा. मला बघवायचं नाही. त्यानं जावं असंही वाटायचं, न जावं असंही.

वहिनी गेल्या तेव्हा उन्हं कलली होती. तो शेजारीच होता. शेवटचा श्वास होऊन गेल्यावरही हात सोडेना. कुंदाबाईंनी एकेक बोट हळूच सोडवलं.

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "रुपचंद, ती भ्यायली नाही ना रे? तू तर बघत होतास."

शेवटच्या घटकेला वहिनींचे डोळे कसे विस्फारले होते ते मी बघितलं होतं. मी कधी कुठल्या देवाची साक्ष काढलेली नाही.

"नाही भ्यायल्या," मी म्हणालो. "वेसमायनं नीट पोहोचवलं."