शुक्रवारचा पहिला वडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — तेवढंच कारण असेल.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी लोकांना ट्रेनिंग देते. दुकानांना लागणारे मोठे फ्रीज आम्ही विकतो आणि दुरुस्तही करतो. तक्रारींची उत्तरं लिहायला एआय आलं, तेव्हा साहेबांनी मला बोलावून सांगितलं, लोकांच्या मनातली भीती घालवा, ऑफिसात तसं वातावरण तयार करा. वातावरण तयार करायचं म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं नि मलाही. पण मी हुशार ना! मी एक प्रथा काढली.

शुक्रवारी चहाला सगळ्यांनी एकत्र बसायचं. एआय वापरताना हातून काही चूक झाली असेल, तर उभं राहून सांगायची. कुणी रागवायचं नाही, टाळ्या वाजवायच्या. आणि चूक सांगणाऱ्याला गरम वड्यांतला पहिला वडा. सुरुवातीला सगळे मूग गिळून बसायचे. मग एकाने धीर केला, वडा पटकावला, नि हळूहळू सगळ्यांची भीड चेपली. साहेब खूश. माझ्या अंगावर तर मूठभर मांस चढलं होतं.

रेखाताई तक्रारींच्या टेबलावर होती. कळव्याची, तिथल्याच जुन्या घरातली, माझ्याहून थोडी मोठी. चारचौघांत ती मला मॅडम म्हणायची. पण दुपारी डबा उघडला की तांदळाची भाकरी आणि सुकट माझ्यापुढे सरकवून म्हणायची, "खा गो, लाजतेस कशाला?" घोडबंदर रोडवरच्या माझ्या उंच इमारतीतल्या घरात तेव्हाही मला 'खा' म्हणणारं कुणी नव्हतं. नवरा परदेशात, मुलगी बंगळूरला. दिवसभरात मला अगं-तुगं करणारं ते एकच माणूस होतं. हे आधी सांगून ठेवते — का, ते कळेलच.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी डोंबिवलीच्या एका डेअरीवाल्याचा फ्रीज बंद पडला. आत सणाचं श्रीखंड, गिऱ्हाइकांनी सांगून ठेवलेलं. त्याने तक्रार पाठवली. आमच्याकडून लगेच उत्तर गेलं, की आमचा माणूस संध्याकाळपर्यंत येतोय, तोवर फ्रीज उघडू नका. एआयने लिहिलेलं, गोड भाषेतलं उत्तर. पण त्या दिवशी आमचा एकही माणूस मोकळा नव्हता. बिचारा वाट बघत बसला. नाहीतर शेजारच्या दुकानात तरी माल हलवला असता. सगळं श्रीखंड आंबलं. दोन दिवसांनी तो स्वतः ऑफिसात आला, आंबलेल्या श्रीखंडाचा एक डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला.

उत्तराखाली नाव होतं रेखाताईचं.

शुक्रवार आला. वडे आले. कुणी कुणाकडे बघेना. मग रेखाताई उठली. म्हणाली, "मला आठवत नाही, पण माझ्याच हातून गेलं असेल. त्या दिवशी जाम घाई होती ना. न वाचता दाबलं असेल." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. आणि पहिला वडा — हो, मीच तिच्या हातात दिला.

आता सांगते. ते उत्तर मी पाठवलं होतं.

त्या दुपारी मी रेखाताईला म्हटलं, तू डबा घेऊन खाली जा, मी आलेच. ती गेली आणि मी तिच्या खुर्चीत बसले. मला तिच्या स्क्रीनचा व्हिडिओ काढायचा होता. एकही तक्रार बाकी नाही, असा. साहेबांना पाठवायला. तीन-चार उरल्या होत्या. एआयची उत्तरं तयार होती. मी ती धडाधड पाठवून दिली. वाचल्याशिवाय काही पाठवायचं नाही, हे ऑफिसात सगळ्यांना बजावणारी मीच. मग खाली जाऊन तिचं सुकट खाल्लं.

ती उभी राहिली तेव्हा मला दोनच शब्द बोलायचे होते. ती चूक सांगण्याचीच जागा होती, मीच केलेली. मग का नाही बोलले? भीती? शिक्षा तर कुणालाच होत नव्हती. लाज वाटली, दुसरं काही नाही.

रागावलं तिला कुणी नाही. पण साहेबांनी तिला तक्रारींवरून काढून गोडाऊनला बसवलं. ती कॉम्प्युटरला हात लावायला घाबरू लागली. माझ्यासोबत डबा खाणं तिनेच बंद केलं. "तुमचं नाव खराब केलं मी, मॅडम," म्हणाली. मॅडम! मी नुसतं 'असू दे गं' म्हटलं. दिवाळीच्या आत तिने नोकरी सोडली.

पुढचं ऐका. दुसऱ्या कंपन्या मला बोलावतात, तुमच्याकडचं वातावरण कसं घडवलंत ते सांगा म्हणून. मी एका बाईची गोष्ट सांगते, जिने भरल्या ऑफिसात उठून आपली चूक कबूल केली. टाळ्या पडतात. घरी येऊन मी एकटी जेवते.

या पाडव्याला तिचा मेसेज आला. मॅडम, तुम्हाला आणि घरच्यांना शुभेच्छा. मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एआयला लिहायला लावलं. ते मात्र तीनदा वाचलं, मगच पाठवलं.

तिचं लगेच उत्तर आलं. "किती छान लिहिता तुम्ही, मॅडम."