धर्म-शिक्षेच्या पेपरातला पाचवा प्रश्न

पाचव्या प्रश्नावर माझं लाल पेन अडलं. प्रश्न मीच काढलेला : ‘ईश्वर हमारी प्रार्थना कब सुनते हैं?’ ठरलेलं उत्तर : ‘जब हम सच्चे मन से करें।’ दोन मार्क. सहावीतल्या वैदेहीने लिहिलं होतं, ‘मेरी नहीं सुनी। मन झूठा होगा।’

वैदेहीचे बाबा दिवाळीआधी आजारपणात गेले. आई तिला घेऊन सांगलीहून इथे ग्वाल्हेरला, खासगी बाजार मोहल्ल्यात मामाकडे आली. आमच्या शाळेत त्याच वर्षी धर्म-शिक्षेचा तास सुरू झाला होता. सिलॅबस, म्हणजे कोणते धडे आणि कोणते प्रश्न, हे सगळं माझ्याकडे. वीस वर्षांची सर्व्हिस. मला वाटलं, यात काय मोठंसं!

तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. मराठीत विचारलं, तशी घडाघडा बोलली.

“बाई, पेपरावरच लिहिलंय ना, धर्म-शिक्षा. मी हॉस्पिटलात रोज प्रार्थना करायचे, पण मधेच झोप लागायची. त्याचीच शिक्षा ना?”

अगं आई गं! मराठीत शिक्षा गुन्ह्याची होते, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. माझा जन्म ग्वाल्हेरात गेला, घरात मराठी, बाहेर हिंदी. मला तो शब्द कधी खटकलाच नाही. मी तिला फरक समजावला.

“बरं,” ती म्हणाली. “पण उत्तर तेच ना? सच्चे मन से?”

उत्तर माझंच होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ही पोर बाबांच्या मरणाचा दोष स्वतःकडे घेऊन बसली होती, आणि मी त्यावर छापील शिक्का मारला होता.

तडक प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. “मैडम, इस पेपर के मार्क्स हटा दीजिए।”

“फिर बच्चे पढ़ेंगे क्यों? रिज़ल्ट में क्या दिखाएँगे?”

मी वैदेहीची उत्तरांची कॉपी समोर ठेवली. “इसे कितने दूँ?”

त्यांनी वाचलं. चष्मा काढून ठेवला. “पेपर कैंसल। कमेटी से मैं बात करूँगी।”

शाळेच्या कमिटीने कुरकुर केली, पण तास ठेवून परीक्षा काढून टाकली. आता कोणत्या धर्मात काय मानतात ते मी सांगते, मग मुलं विचारतात. पहिल्याच तासाला वैदेहीने हात वर केला.

“सच्चे मन से करके भी नहीं सुनते, ऐसा होता है क्या?”

“होता है, बेटा।”

“क्यों?”

“मुझे नहीं मालूम।”

ती खाली बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडली. शेजारच्या मुलीने तिचा हात धरला. मी फळ्याकडे वळले, कारण माझंही काही खरं नव्हतं.

ज्याचं उत्तर आपल्यालाच येत नाही, त्याला मार्क ठेवू नयेत. बी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं.